तियो आम्बोची माबिस

निवृत्तीनंतरच्या अकराव्या दिवशी देल्फिन एनकार्नादो मास्तर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून शब्दकोडं सोडवत होते. तेवढ्यात त्यांच्या काकू, तिया चोलेंग, छत्री टेकत टेकत फाटकातून आत आल्या आणि म्हणाल्या, "तू आता रिकामाच आहेस ना?"

छत्तीस वर्षं शाळेत काढून, त्यातली अकरा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत काढून, ज्याच्या खोकल्यानं तीनशे पोरं गप्प बसत त्या माणसाला हा प्रश्न. मास्तरांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि "तसा रिकामा नाही" असं म्हणायला तोंड उघडलं. पण आतून त्यांच्या बायकोनं, लुरिंगनं, आधीच उत्तर दिलं होतं. "अगदी रिकामा आहे, तिया! या, बसा. कालपासून एकाच आडव्या शब्दावर अडलाय."

तिया बसल्या नाहीत. "तर मग तुझा काका युद्धात कुठे होता ते शोधून काढ."

"तियो आम्बो? नौदलात होते."

"असं तो म्हणायचा." तियांनी छत्री फरशीवर आपटली. "एक्केचाळीसच्या डिसेंबरात काविते जळत असताना गेला, तो पंचेचाळीसच्या ऑगस्टात आला. गावातला एकेक माणूस युद्धातून काडीसारखा होऊन आला. माझा तेवढा ढेरी घेऊन आला, पायात कातड्याचे बूट! कुठे होतास, तर म्हणे अमेरिकेच्या बोटीवर, मग ऑस्ट्रेलियात. कागद कुठेत, तर म्हणे समुद्रात पडले. अरे, मनिलाच्या लाँचमध्ये बसला की धक्का सुटायच्या आत ज्याला ओकारी यायची, तो नौदलात? मी त्याला तोंडावर सांगितलं, तू कुठल्या तरी बेटावर दुसरा संसार थाटून बसला होतास. छत्तीस वर्षं सांगितलं."

"मग आता काय बिघडलं? त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली."

"डॉक्टर म्हणतो माझं हृदय मोठं झालंय." हे त्यांनी काहीशा अभिमानानं सांगितलं. "वर गेले की तो दारातच उभा असणार. माझं बरोबर असेल तर मी मान वर करून आत जाईन. त्याचं बरोबर असेल, तर माफी इथेच मागून टाकलेली बरी. तिथे चारचौघांत, सगळ्या संतांसमोर, मला नाही जमायचं. तेव्हा लवकर बघ."

मास्तरांचा बाप युद्धात मारला गेला आणि तियो आम्बोनंच त्यांना वाढवलं, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. शिवाय एक जुनं शल्य होतं. काविते म्हणजे अमेरिकी नौदलाच्या तळाचं गाव. घरोघरी बाहेरच्या खोलीत पांढऱ्या गणवेशातल्या कोणाचा तरी फोटो, आणि फोटोच्या आकारावरून घराची इज्जत. समोरच्या मांग सेबियोच्या (मांग म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्याला मानानं 'दादा' म्हणावं तसं) घरात त्याच्या बापाचा फोटो दाराएवढा होता आणि त्यावर दिवसासुद्धा बल्ब जळायचा. एनकार्नादोंच्या भिंतीवर मात्र कॅलेंडर. तियो आम्बोला गल्ली आयुष्यभर 'ॲडमिरल' म्हणत आली, आणि ती काही बढती नव्हती. तो बाजारात निघाला की टवाळ लोक सलाम ठोकायचे. तो बिचारा सलाम घ्यायचा आणि पिशवी सावरत पुढे जायचा.

मास्तरांनी नवी वही काढली, पहिल्या पानावर 'शोधकार्य' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्यांच्या मते निम्मं काम झालं होतं.

बातमी दुपारच्या जेवणाआधी गल्लीत पसरली, आणि संध्याकाळपर्यंत मास्तरांना इतके सल्ले मिळाले की वहीची चार पानं भरली. न्हावी म्हणाला, अमेरिकेत सगळे कागद मिठाच्या खाणीत ठेवतात, तिथे माणूस पाठवा. कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या बाईची एक मावशी मेलेल्यांशी बोलत असे. ॲडमिरललाच थेट विचारलं तर पोस्टाची तिकिटं वाचतील, असं तिचं म्हणणं. मांग सेबियो तीस वर्षं कस्टममध्ये पेट्या उघडून बघत आलेला माणूस. तो फाटकावर कोपर टेकून म्हणाला, "मास्तर, नौदल म्हणजे कागद. माझ्या बापाच्या मोज्यांचासुद्धा कागद आहे. कागद नाही, म्हणजे माणूस नव्हता. उगीच म्हातारीला आशेला लावू नका."

"इतिहास असा फाटकावरून ठरत नसतो, मांग सेबियो," मास्तर म्हणाले. वाक्य चांगलं जमलं होतं. पण सेबियो तोवर रस्ता ओलांडून गेला होता.

अमेरिकेतल्या दफ्तराला अर्ज करायचा तर सोबत माणसाचा जन्मदाखला हवा. म्हणून मास्तर नगरपालिकेत नोंदणीच्या खिडकीवर गेले. खिडकीत मिस तिरोना होती. ती एकेकाळी मास्तरांच्याच वर्गात होती आणि भूमितीत तिला त्यांनी दोनदा नापास केलं होतं. मास्तरांना ते आठवत नव्हतं. तिला आठवत होतं.

"एकोणीसशे सोळाच्या नोंदी बाँबहल्ल्यात जळाल्या, सर."

"मग?"

"उशिरा जन्मनोंदणी करता येते. ज्याची नोंद करायची त्यानं स्वतः यायचं."

"ते वारलेत."

"मग मृत्यूचा दाखला आणा."

मृत्यूच्या दाखल्यावर नाव निघालं 'आम्ब्रोसियो इनकार्नादो'. लग्नाच्या नोंदीत 'आम्ब्रोझो एनकार्नासियोन'. बाप्तिस्म्याचं पुस्तक चर्चमध्ये होतं, पण त्या पानाचा अर्धा भाग वाळवीनं आधीच अभ्यासला होता. नावातलं उरलं होतं ते फक्त '...ब्रोसियो'. शिवाय तिन्ही कागदांवर वय वेगळं. लग्नाच्या कागदावर विश्वास ठेवायचा तर नवरदेव बारा वर्षांचा होता.

मिस तिरोनानं तिन्ही कागद पंख्याखाली हातानं दाबून धरले. "हे तिघे एकच माणूस आहेत, असं प्रतिज्ञापत्र लागेल. दोन साक्षीदार. त्याला जन्मापासून ओळखणारे, आणि त्याच्याशी काही हितसंबंध नसलेले."

म्हणजे साक्षीदार ऐंशीच्या पुढचे हवेत, आणि कावितेत राहून दुसऱ्याच्या भानगडीत रस नसलेले हवेत. असा माणूस कावितेत कधी जन्मलाच नव्हता. आठ दिवस वणवण करून मास्तरांनी दोघे मिळवले. पहिले आजोबा ठार बहिरे होते. त्यांनी विचारण्याआधीच सही केली, आणि वकिलाच्या टेबलावर पडलेल्या आणखी दोन लोकांच्या कागदांवरही केली. दुसऱ्या लोला इंगग्रासिया, गल्लीच्या आजी, वय चौऱ्याऐंशी. त्यांनी मजकूर मोठ्यानं वाचून घेतला आणि 'हितसंबंध नाही' या ठिकाणी बोट ठेवलं.

"हे खोटं आहे. चौतीसच्या फिएस्ताला, गावच्या जत्रेत, आम्बोनं माझ्याशी नाचायचं कबूल केलं आणि चोलेंगशी नाचला. संबंध नाही कसा?"

"लोला, त्याला बासष्ट वर्षं झाली."

"मला माहीत आहे किती झाली!"

शेवटी वकिलानं 'हितसंबंध होता, आता नाही' असं टाइप केलं, आणि लोलांनी डोळे पुसून सही केली. मिस तिरोनानं ते वाचलं, ओठ आवळून शिक्का मारला आणि म्हणाली, "आता तुम्ही त्यांचे पुतणे आहात त्याचा पुरावा. तुमचा जन्मदाखला."

हा मात्र मास्तरांनी खिशातच ठेवला होता. त्यांनी तो ऐटीत सरकवला. मिस तिरोना वाचता वाचता थांबली. तिनं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. मग पुन्हा कागदाकडे.

"सर, इथे लिंग 'स्त्री' लिहिलंय."

"काय?"

"आणि नाव 'देल्फिना'. शेवटचा आ जरा पुसट आहे, पण आहे."

साठ वर्षं मास्तरांनी हा दाखला जपला होता, आणि कोणीच तो नीट वाचला नव्हता, मास्तरांनीसुद्धा. मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. "दुरुस्तीला कोर्टात जावं लागेल," मिस तिरोना म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भूमितीचे दोन्ही पेपर सुटल्याचं समाधान होतं. "पण अर्ज त्यांच्या बायकोनं केला तर तुमचा दाखला लागणार नाही. मी फॉर्म भरून देते, सर. तुम्ही बसा."

तिनं खरंच तो फॉर्म एकही चूक न करता भरून दिला, हे सांगायला हवं. पण मास्तर घरी पोचेपर्यंत मांग सेबियो फाटकावर हजर होता. "काय देल्फिनाबाई, झालं का काम?"

अर्ज गेला. तिन्ही कागदांवर जन्मतारीख तीन प्रकारची असल्यामुळे तेवढा रकाना तिनं मास्तरांवर सोडला होता, आणि मास्तरांनी त्यात 'निश्चित माहीत नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. ही चूक पुढे नडायची होती.

अकरा आठवड्यांनी पाकीट आलं. जाड, तपकिरी, अमेरिकेचा शिक्का असलेलं. मास्तरांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानं ते आतल्या खोलीत जाऊन गुपचूप फोडलं असतं. लुरिंगनं तेच सुचवलं. पण 'देल्फिनाबाई' ऐकून ऐकून मास्तरांच्या मनात काहीतरी साचलं होतं. त्यांनी रविवारी प्रार्थनेनंतर सगळी गल्ली अंगणात बोलावली. पानसितचं, म्हणजे परतलेल्या शेवयांचं, पातेलं चढलं, वर लिंबं कापून ठेवली, भाड्याच्या खुर्च्या आल्या. तिया चोलेंग पुढच्या रांगेत काळा झगा घालून बसल्या. कोणत्याही निकालाला चालेल असा तो झगा होता.

मास्तरांनी पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि वार्षिक संमेलनाच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "आम्ब्रोसियो एनकार्नादो! अमेरिकेचं नौदल!"

टाळ्या झाल्या. मांग सेबियोचा चेहरा पडला. तो एक क्षण मास्तरांना पुढे बरेच दिवस पुरला, आणि पुरवावा लागला.

"उंची, पाच फूट अकरा इंच."

अंगणात चुळबूळ झाली. "म्हातारपणी माणूस खचतो," न्हावी समजुतीनं म्हणाला.

मास्तर थांबले असते तर बरं झालं असतं. पण वर्गात सुरू केलेला धडा अर्धवट सोडायचा नाही हे त्यांचं तत्त्व होतं. "ओळखीची खूण, डाव्या दंडावर गोंदलेली बाई. खाली अक्षरं... रोझिता." त्यांचा आवाज आपोआप उतरला. "एकोणीसशे अडतीस साली शांघाय बंदरात... जहाजावरून पळून गेला. पुन्हा मिळून आला नाही."

पानसितच्या पातेल्यावर कोणाचा तरी डाव खणकन पडला.

तिया चोलेंग उभ्या राहिल्या. "रोझिता?" त्या म्हणाल्या. "एक माबिस कमी होती का, म्हणून ही रोझिता?" आणि छत्री उघडून, ऊन नसताना, तरातरा निघून गेल्या. गल्लीनं मात्र पानसित संपवूनच निरोप घेतला. जाताना मांग सेबियोनं मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका, मास्तर. पळून गेला तरी नौदलातूनच पळाला ना!"

रिकाम्या खुर्च्यांमध्ये मास्तर कागद हातात घेऊन बसून राहिले. लुरिंग पातेलं खरवडत होती. "देल्फिन," ती म्हणाली, "तियोंना फळीवरचं मीठ काढायला स्टूल लागायचं. पाच फूट अकरा म्हणजे कोणीतरी दुसराच असणार. ते बघ, गाव झांबालेसचं लिहिलंय. जन्मतारीख न देता नुसतं नाव कळवलंस, तर त्या नावाचा जो सापडला तो त्यांनी पाठवला. त्यांचं काय चुकलं?"

मास्तरांनी पाहिलं. खरंच झांबालेस होतं. छत्तीस वर्षं ते पोरांना 'आधी पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा' असं सांगत आले होते.

ते तसेच उठले आणि तियांच्या घरी गेले. हा रोझितावाला आपला आम्बो नव्हे, हे पटवायला वेळ लागला नाही. स्टुलाचा पुरावा बिनतोड होता. मग मास्तरांनी विचारलं, "तिया, पण माबिस कोण?"

तियांनी तोंड फिरवलं. परसातल्या कोंबड्यांकडे पाहत म्हणाल्या, "झोपेत नाव घ्यायचा. आल्यापासून. 'माबिस, माबिस' करत दचकून उठायचा. एकदा मी विचारलं, कोण रे ही माबिस? तर डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, फार भली होती गं, तिच्यामुळेच मी जिवंत आहे. मी भाताचं पातेलं फेकून मारलं. नंतर दोन-तीनदा तो सांगायला आला, मी कानावर हात ठेवले. पुन्हा त्या विषयावर मी त्याला तोंड उघडू दिलं नाही." मग हलक्या आवाजात, "हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आज गल्लीसमोर तोंडातून गेलं."

मास्तर घरी आले ते गळून. आतापर्यंत त्यांना आपल्या काकाची बाजू घेणं सोपं होतं. आता एक बाई मध्ये आली होती. खरंच तसं असेल, तर म्हातारीच्या शेवटच्या दिवसांत ते सिद्ध करून आपण काय मिळवणार? त्यांनी वही कपाटात टाकली आणि चार दिवस शब्दकोडी सोडवली.

पाचव्या दिवशी लुरिंगनं ते तपकिरी पाकीट रद्दीत टाकण्याआधी झटकलं, आणि आतून चिकटलेला दुसरा कागद खाली पडला. दफ्तरानं नम्रपणे कळवलं होतं की माणसाची पक्की माहिती नसेल तर बोटीचं नाव कळवावं. प्रत्येक बोटीवरच्या माणसांच्या याद्या जपून ठेवलेल्या आहेत.

बोटीचं नाव कोणाला माहीत होतं? पण मास्तरांना वाटलं, त्या डिसेंबरात इथल्या पाण्यात असलेल्या सगळ्या बोटींची नावं उतरवून आणू, तियांना वाचून दाखवू. एखादं नाव आम्बोच्या तोंडून ऐकलेलं निघेलही. ते बस पकडून मनिलाला गेले. एका ग्रंथालयात युद्धाच्या पुस्तकांचा विभाग होता आणि तिथे कुजबुजलं तरी भुवई उंचावणारी एक ग्रंथपाल बाई होती. मास्तरांना ती फार आवडली.

यादी मोठी होती. पाणबुड्या, विनाशिका, तेलाच्या बोटी. मास्तर शांतपणे उतरवत गेले. मग सुरुंग काढणाऱ्या छोट्या बोटी आल्या. त्यांना सगळी पक्ष्यांची नावं. मास्तरांनी एकेक नाव लिहिलं, आणि सातव्या नावाशी पेन्सिल थांबली.

मेव्हिस.

आता हे नाव कावितेच्या माणसाला म्हणायला सांगा. आपल्याकडे इंग्रजी 'ए' सरळ 'आ' वाचतात, आणि 'व्ह' कोणाला येतो? फोटो कुठे काढायचा तिथे आपण पोटो काढतो. मास्तरांनी ओठ हलवून, तियांसारखं, हळूच म्हणून पाहिलं.

"माबिस," ते पुटपुटले. आणि मग त्या ग्रंथालयाच्या इतिहासात कोणी काढला नसेल अशा आवाजात ओरडले, "बाई नाही! बोट आहे! बोट आहे!"

त्यांना बाहेर जायला सांगण्यात आलं. छत्तीस वर्षं ज्यांनी इतरांना वर्गाबाहेर काढलं, ते देल्फिन मास्तर आयुष्यात पहिल्यांदा बाहेर काढले गेले, आणि तेही हसत हसत. समोरच्या दुकानातून त्यांनी फोन लावला. गल्लीत फोन एकाच घरी होता, मांग सेबियोच्या. लाइन खरखरत होती.

"मांग सेबियो! तियांना सांगा, माबिस सापडली! मनिलात! माबिस बोट आहे!"

"काय? कोणाची बोट?"

"माबिस! बोट!" आणि लाइन तुटली.

मांग सेबियोनं निरोप पोचवण्यात आळस केला नाही. मास्तर सहाच्या सुमारास घरी पोचले तेव्हा फाटकात लुरिंग कमरेवर हात ठेवून उभी होती, शेजारी तिया छत्री उलटी धरून, आणि मागे अर्धी गल्ली. निरोप असा पोचला होता: माबिस मनिलात सापडली, तिची स्वतःची बोट आहे, आणि मास्तर तिच्याबरोबर आहेत.

"ये," लुरिंग म्हणाली. "कशी आहे बाई? श्रीमंत आहे म्हणे."

मास्तरांनी खिशातून कागद काढला आणि सातव्या नावावर बोट ठेवून तियांपुढे धरला. "सुरुंग काढणारी बोट, तिया. साठ-सत्तर माणसांची. एका पक्ष्याचं नाव आहे ते. डिसेंबर एक्केचाळीसला इथूनच सुटली."

तियांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत होतं, पण चष्मा नव्हता. तरी त्या पाहत राहिल्या. "बोट?" त्या म्हणाल्या. "पण तो म्हणाला, भली होती." मग सावरून, "त्या बोटीवर आम्बोचं नाव आहे का?"

"ते अजून बघायचंय."

"मग मी अजून माफी मागत नाही." आणि त्यांनी छत्री सुलटी केली.

बोटीचं नाव कळवल्यावर दुसरं पाकीट आलं ते ऑक्टोबरच्या शेवटी. या वेळी मास्तर ते एकट्यानं फोडणार होते. पण पोस्टमननं ते हातात देण्याआधी गल्लीभर दाखवलं होतं, आणि तियांचा हुकूम निघाला. तेच अंगण, त्याच खुर्च्या, तीच माणसं, आणि या वेळी पानसित त्यांच्याकडून. "ज्यांनी रोझिता ऐकली, त्यांनी हेही ऐकायचं."

मास्तरांनी यादी उघडली. आवाज संमेलनाचा नव्हता. इंग्रजी 'ई'च्या खाली, जिथे एनकार्नादो असायला हवं तिथे, ते नव्हतं. त्यांनी इनकार्नादो पाहिलं. एनकार्नासियोनसुद्धा पाहिलं. त्यांतलं एकही नव्हतं. एवढ्या माणसांसमोर, दुसऱ्यांदा. त्यांनी तियांकडे पाहिलं, आणि नजर खाली घातली.

"आणा इकडे," मांग सेबियो म्हणाला. तीस वर्षं पेट्या उघडलेल्या माणसाला हात घातल्याशिवाय राहवत नाही. त्यानं यादी ओढून घेतली, बोटाला थुंकी लावली आणि पहिल्या नावापासून खाली यायला लागला. तिसऱ्या ओळीशी तो थांबला. डोळे बारीक केले. त्याच्या तोंडावर जे उमटलं ते टवाळीचं नव्हतं.

"मास्तर," तो म्हणाला, "यांनी उलटं लिहिलंय. आडनाव 'आम्ब्रोसियो', नाव 'एनकार्नादो'. अधिकाऱ्यांचा स्वयंपाकी. भरती, काविते." त्यानं घसा साफ केला. "कस्टममध्ये निम्मी माणसं अशीच सापडायची."

यादीमागे कप्तानाच्या अहवालाचं एक पान जोडलेलं होतं. मास्तरांनी ते वाचलं, थांबत थांबत, वाक्यागणिक आपल्या भाषेत सांगत. बेचाळीसच्या मार्चमध्ये टिमोरच्या दक्षिणेला मेव्हिसवर विमान आलं. पाण्याच्या रेषेखाली हातभर भगदाड पडलं, पंप बंद झाला. पाणी आत येत असताना स्वयंपाकी आम्ब्रोसियो यानं कोणी न सांगता कोठारातली तांदळाची पोती ओढत आणली, एकामागून एक भगदाडात कोंबली आणि त्यांना पाठ लावून बसला. तांदूळ भिजला, फुगला आणि दगडासारखा बसला. बोट नऊ दिवसांनी ऑस्ट्रेलियाला लागली. गोदीतल्या कामगारांना तो भात काढायला पहारी लागल्या.

"पुढे लिहिलंय," मास्तर म्हणाले. "सदर स्वयंपाक्याला समुद्र लागत असल्यामुळे तो सर्व वेळ ओकत होता. तरीही त्यानं पाठ काढली नाही."

"तोच!" तिया चोलेंग खुर्चीतून ताडकन उठल्या. मोठं झालेलं हृदय वगैरे त्या विसरल्या. "तोच आहे! ओकत होता ना? माझाच आहे तो! दुसरा कोणी असूच शकत नाही!" आणि त्या एकाच वेळी हसायला आणि रडायला लागल्या, आणि लोला इंगग्रासिया काठी टाकून त्यांच्या गळ्यात पडल्या. त्या दिवशी पानसित गार होईपर्यंत कोणी हात लावला नाही. आमच्या गल्लीत असं आधी कधी झालं नव्हतं.

चारच दिवसांनी पहिला नोव्हेंबर होता. त्या दिवशी तसंही सगळं गाव मेणबत्त्या आणि डबे घेऊन कबरस्तानात जातं. पण त्या वर्षी आमची गल्ली वाजतगाजत गेली. बँड मांग सेबियोनं आणला. सहा माणसं, त्यातला ट्रॉम्बोनवाला न्हाव्याचा मेहुणा. पुढे सेबियो स्वतः, कप्तानाचं पान काचेत बसवून छातीशी धरलेलं, आणि चौकाचौकांत थांबून, न विचारता, वाचून दाखवणारा. मिस तिरोना नगरपालिकेच्या दारात उभी होती. तिनं सलाम केला. मास्तरांनी भर रस्त्यात तो टाचा जुळवून घेतला. नाक्यावरच्या बाकावर अजून दोन-तीन जुने टवाळ बसलेले असतात. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी टोप्या काढल्या. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

कबरीपाशी पोचल्यावर तियांनी बँड बंद करायला लावला आणि सगळ्यांना चिंचेच्या झाडापर्यंत मागे हटवलं. स्वतः छोट्या स्टुलावर बसल्या आणि वाकून बोलायला लागल्या. ऐकू काही येत नव्हतं. पहिली दोन मिनिटं मान खाली होती. मग मान वर आली. मग हात हलायला लागले. मग छत्री कबरीच्या दगडावर एकदा आपटली गेली. पाऊण तास झाला. बँडवाल्यांनी डबे उघडले.

शेवटी मास्तर पुढे गेले आणि त्यांनी हात देऊन तियांना उठवलं. त्यांचे गाल ओले होते, आणि डोळ्यांत, मास्तरांना लहानपणापासून माहीत असलेली, भांडण जिंकत आल्याची चमक.

"मागितली माफी?"

"मागितली. दोन मिनिटांत झाली."

"मग एवढा वेळ?"

"मग काय! मी म्हटलं, मी कान झाकले होते तर तू ओरडून सांगायचं होतंस! आणि बोटीचं एवढं भोक पाठीनं बुजवणारा माणूस, माझ्या स्वयंपाकघराचं छत बावीस वर्षं गळत होतं, तेव्हा तुला काय झालं होतं?"

त्यांनी बाहीला चेहरा पुसला, मास्तरांच्या हातावर भार टाकला आणि बँडकडे पाहून म्हणाल्या, "वाजवा रे. तो ऐकतोय."